उजेडाला कसोटी लावणारा शास्त्रज्ञ

जळगाव जिल्ह्यातील जामनेर, पहूर, शेंदुर्णी, नेरी या गावांना डोळे तपासणीची शिबिरे नवी नाहीत. खिडक्या झाकून अंधार केलेल्या खोलीत डॉक्टर बॅटरीसारखे एक लहानसे उपकरण हाती घेतात, आपला चेहरा रुग्णाच्या चेहऱ्याजवळ नेतात आणि त्याच्या बाहुलीतून आत पाहतात. पिकलेला मोतीबिंदू घरच्या माणसांनाही बाहेरून दिसतो. काचबिंदूने खंगत चाललेली दृष्टीची नस मात्र बाहेरून दिसत नाही. मधुमेहामुळे ठिकठिकाणी रक्त झिरपू लागलेला डोळ्याचा पडदाही दिसत नाही. रुग्णाला स्वतःलाही सुरुवातीला काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आत डोकावता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

आत डोकावणाऱ्या या उपकरणाचे नाव ऑप्थॅल्मोस्कोप. १८५० च्या अखेरीस, प्रशियाच्या राज्यातील कोनिग्सबर्ग या शहरात, एका २९ वर्षांच्या प्राध्यापकाने ते पहिल्यांदा सिद्ध केले. त्यांचे नाव हेर्मान हेल्महोल्ट्झ. आज असे उपकरण बाजारात आणायचे तर सरकारी परवाना लागतो, त्याच्या उजेडाची मोजदाद करावी लागते आणि त्याच्याविषयी केलेला दावा सिद्ध करावा लागतो. हेल्महोल्ट्झ यांच्या काळी यांपैकी काहीच नव्हते. तरीही ज्या माणसाने हे उपकरण घडवले, त्यानेच आयुष्याच्या उत्तरार्धात उपकरणांची पारख करणाऱ्या एका मोठ्या सरकारी संस्थेची धुरा वाहिली, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण योग आहे.

बाकाखालचे गणित

हेर्मान लुडविग फर्डिनांड हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळील पॉट्सडॅम येथे झाला. वडील तेथील शाळेत भाषा व तत्त्वज्ञान शिकवणारे शिक्षक. घरात पुस्तके आणि चर्चा भरपूर, पैसा बेताचा. मुलगा लहानपणी प्रकृतीने नाजूक होता, त्यामुळे त्याची सुरुवातीची वर्षे बरीचशी अंथरुणावर आणि लाकडी ठोकळ्यांशी खेळण्यात गेली. शब्द, व्याकरणाचे अपवाद, इतिहासातील सनावळ्या त्याच्या ध्यानात राहत नसत. भूमितीची वाट मात्र त्या ठोकळ्यांनी आधीच मोकळी करून ठेवली होती. वर्गात लॅटिन ग्रंथांचे वाचन सुरू असताना हा विद्यार्थी बाकाखाली वही धरून दुर्बिणीतून प्रकाशकिरण कसे जातात याचे गणित मांडत बसे. बारा-तेरा वर्षांनी डोळ्याच्या पडद्याचे गूढ उकलायला हेच शालेय गणित त्यांच्या उपयोगी पडणार होते.

मुलाला भौतिकशास्त्राची ओढ होती; पण त्या काळी भौतिकशास्त्र शिकून पोट भरण्याची खात्री नव्हती. वडिलांनी व्यवहारी मार्ग काढला. लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक संस्था बर्लिनमध्ये होती. तिथे शिक्षण जवळजवळ फुकट मिळे, मात्र पुढे आठ वर्षे लष्करात चाकरी करण्याचे बंधन असे. १८३८ मध्ये हेल्महोल्ट्झ तिथे दाखल झाले. बर्लिन विद्यापीठातील योहानेस म्युलर हे शरीरक्रियाशास्त्रातील त्या काळचे सर्वश्रेष्ठ गुरू त्यांना लाभले आणि एर्न्स्ट ब्र्युके, एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांच्यासारखे सहाध्यायी मिळाले. सजीवांच्या शरीरात काही अगम्य प्राणशक्ती काम करते असे मानण्याचा तो काळ होता. शरीरालाही भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचेच नियम लागू पडतात, या निष्ठेने हे तरुण झपाटले होते.

१८४१ च्या शरद ऋतूत हेल्महोल्ट्झ विषमज्वराने आजारी पडले. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात त्यांची शुश्रूषा विनामूल्य झाली आणि तेवढ्या आठवड्यांचा भत्ता शिल्लक राहिला. बरे झाल्यावर त्या पैशांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. उपकरण फारसे चांगले नव्हते. पण त्याच्या साह्याने त्यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला आणि १८४२ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळवली.

पुढे पॉट्सडॅमच्या छावणीत लष्करी डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. सैनिकांच्या प्रकृतीची देखभाल करता करता बराकीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. स्नायू हलतात तेव्हा उष्णता किती निर्माण होते, ती कुठून येते, याचा शोध घेता घेता ते एका सर्वव्यापी नियमापर्यंत पोहोचले. २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त मांडला. ऊर्जा रूप बदलते, पण नाहीशी होत नाही, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या काळच्या प्रमुख नियतकालिकाने मात्र तो निबंध छापण्यास नकार दिला. हेल्महोल्ट्झ यांनी तो पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. २६ वर्षांच्या लष्करी डॉक्टरचे नाव हळूहळू सर्वतोमुखी झाले. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या रदबदलीने १८४८ मध्ये लष्करी चाकरीतून त्यांची मुदतीआधी सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी कोनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे आले. आज हे शहर रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद आहे.

बाहुली काळी का?

१८४९ मध्ये हेल्महोल्ट्झ यांचा ओल्गा फॉन वेल्टेन यांच्याशी विवाह झाला. कोनिग्सबर्गच्या सुरुवातीच्या काळात बेडकाच्या मज्जातंतूतून संवेदना किती वेगाने धावते याचे मापन त्यांनी केले. हा वेग मोजणे अशक्य आहे असे खुद्द त्यांच्या गुरूंचे मत होते. हेल्महोल्ट्झ यांचे उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर. या प्रयोगांची टिपणे ठेवण्यात ओल्गा यांचा हात होता.

याच सुमारास विद्यार्थ्यांसमोर ते डोळ्याविषयी व्याख्यान देणार होते. मांजराचे डोळे अंधारात चमकतात. माणसाचा डोळाही विशिष्ट कोनातून पाहिल्यास लालसर उजळतो, हे त्यांचे मित्र ब्र्युके यांनी दाखवले होते. ही चमक विद्यार्थ्यांना समजावून कशी सांगावी, याचा विचार करताना हेल्महोल्ट्झ यांच्या मनात साधा प्रश्न उभा राहिला. डोळ्यातून परत येणाऱ्या या प्रकाशाची प्रतिमा कुठे तयार होत असेल?

बाहुली काळी दिसते ती आत अंधार असतो म्हणून नव्हे. आत गेलेल्या उजेडातील काही भाग पडद्यावरून परततो. पण तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने दिव्याकडे परततो. तो पाहायचा तर पाहणाऱ्याने आपला डोळा दिव्याच्या जागी ठेवायला हवा, आणि तसे करू जाता डोके मध्ये येऊन दिवाच झाकला जातो. ही अडचण हेल्महोल्ट्झ यांनी काचेने सोडवली. दिवा बाजूला ठेवायचा. त्याचा उजेड तिरप्या धरलेल्या पातळ काचांवरून परावर्तित करून रुग्णाच्या डोळ्यात सोडायचा. त्याच काचांतून आरपार पाहायचे. म्हणजे उजेड आणि नजर एकाच वाटेने जातात आणि डोके आड येत नाही. मध्ये योग्य क्रमांकाचे भिंग धरले की पडद्याची स्पष्ट प्रतिमा दिसते.

पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात तसल्या पातळ काचा एवढ्या सामग्रीवर त्यांनी उपकरण उभे केले. त्याला सुमारे आठ दिवस लागले. सुरुवातीला ते नीट जमेना, अनेकदा सोडून द्यावेसे वाटले. पण हे दिसलेच पाहिजे असे गणित सांगत होते, म्हणून ते चिकटून राहिले. अखेर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या, दृष्टीच्या नसेचे फिकट वर्तुळ असे सारे त्यांच्यासमोर स्पष्ट उभे राहिले. ६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे हा शोध मांडण्यात आला. काही दिवसांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की, यासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडे काहीच लागले नाही.

कोणाची परीक्षा, कोणाचा निकाल

या उपकरणापर्यंत पोहोचणारे हेल्महोल्ट्झ पहिलेच नव्हते. पुर्किन्ये या संशोधकाने १८२३ मध्येच डोळ्याच्या आत पाहण्याची रीत नोंदवून ठेवली होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. गणकयंत्राचे आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्ये लंडनमध्ये अशाच धर्तीचे उपकरण तयार केले आणि व्हार्टन जोन्स या नेत्रतज्ज्ञांना पारखायला दिले. जोन्स यांना त्यातून नीट दिसले नाही. उपकरण बाजूला पडले आणि त्याची हकीकत छापून आली ती थेट १८५४ मध्ये. तोवर हेल्महोल्ट्झ यांचे उपकरण युरोपभर पोहोचले होते.

नव्या उपकरणाची पारख कशी करावी, याचा मोठा धडा या घटनेत आहे. एका तज्ज्ञाने एकदा पाहिले आणि त्याला दिसले नाही, एवढ्यावर बॅबेज यांच्या कल्पनेचा निकाल लागला. पाहणाऱ्याच्या आणि रुग्णाच्या डोळ्यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यानुसार मध्ये योग्य भिंग घातले नाही तर चित्र धूसर राहते, ही गोष्ट तेव्हा विचारात घेतली गेली नव्हती.

हेल्महोल्ट्झ यांनी वेगळी वाट धरली. १८५१ मध्ये बर्लिनहून त्यांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. उपकरण कसे बांधावे, काचा किती तिरप्या धराव्यात, कोणत्या डोळ्याला कोणते भिंग लागेल, उजेड किती जातो आणि किती परततो, हे सर्व तिच्यात गणितासह दिले होते. वाचणारा कोणीही ते उपकरण बनवू शकत होता आणि कोणीही ते पडताळून पाहू शकत होता. कोनिग्सबर्गचे कारागीर रेकोस यांनी १८५२ मध्ये त्याला भिंगांच्या फिरत्या चकत्या बसवल्या. बोटाने चकती फिरवून हवे ते भिंग समोर आणण्याची ही सोय आजच्या उपकरणांतही टिकून आहे. त्याच वर्षी रूएटे यांनी मधोमध छिद्र असलेला अंतर्वक्र आरसा वापरून पाहण्याची दुसरी पद्धत दिली.

विरोध झालाच नाही असे नाही. आजारी डोळ्यात उजेड सोडणे धोक्याचे आहे असे एका नामवंत शल्यचिकित्सकाचे म्हणणे होते. दुसऱ्या एकाच्या मते हे उपकरण ज्यांची नजर अधू आहे अशा डॉक्टरांच्या कामाचे होते; आपले डोळे चांगले असल्याने आपल्याला त्याची गरज नाही, असे त्याने सांगितले. दुसरा आक्षेप काळाच्या ओघात विरून गेला. पहिला मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तेलाच्या दिव्याचा मंद उजेड काचांवरून परावर्तित होऊन डोळ्यात जाई, त्यामुळे त्या काळी धोका नगण्य होता. आज प्रखर विजेरी दिवे वापरात असताना तोच प्रश्न उपकरणाच्या परवान्याचा एक मुख्य निकष झाला आहे.

बर्लिनचे तरुण नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी या उपकरणाचे मोल सर्वांत आधी ओळखले. त्याच्या साह्याने त्यांनी काचबिंदूत दृष्टीच्या नसेची काय अवस्था होते याचा अभ्यास केला आणि १८५७ च्या सुमारास काचबिंदूवर शस्त्रक्रियेचा इलाज पुढे आणला. तोवर असे रुग्ण आंधळे होणे अटळ मानले जाई. व्हिएन्नाचे एडुआर्ड फॉन येगर यांनी पडद्याची सूक्ष्म चित्रे हाताने रेखाटली. मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरील बदलांची नोंदही त्यांनी १८५० च्या दशकातच केली. रुग्णालाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही दिसत नाही असे विनोदाने ज्या आजारांविषयी बोलले जाई, ते आजार आता डॉक्टरला दिसू लागले. नेत्रवैद्यक ही स्वतंत्र शाखा झाली ती या दशकात.

डोळ्याचेही दोष

ओल्गा यांना क्षयाने ग्रासले होते. कोनिग्सबर्गची कडक थंडी त्यांना सोसेना, म्हणून १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झ बॉनला गेले आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला. १८५९ हे वर्ष त्यांच्यासाठी कठीण गेले. वडिलांचे निधन झाले आणि डिसेंबरच्या अखेरीस ओल्गाही गेल्या. पदरी दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये आना फॉन मोल यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

या सर्व काळात त्यांचे काम थांबले नाही. १८५६ ते १८६७ या काळात डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरील त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ पूर्ण झाला. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार कसा बदलतो, डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पटलाची गोलाई कशी मोजावी, तीन मूलभूत रंगसंवेदनांतून सर्व रंग कसे जाणवतात, हे सारे त्यात आले. १८६३ मध्ये स्वर आणि नाद यांच्या संवेदनेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय वाचकाला या ग्रंथाची एक वेगळी ओळख आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो तरुणपणी वाचला आणि आपल्यावर खोल परिणाम करणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना केली. वीणा, मृदंग, तबला यांच्या नादावरील रामन यांच्या संशोधनाचे मूळ या वाचनात सापडते. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रामनही डोळा आणि रंग यांच्याकडे वळले.

हेल्महोल्ट्झ यांनी मानवी डोळ्यावर भक्ती केली नाही. त्याचीही त्यांनी उपकरणासारखीच तपासणी केली. कडेला प्रतिमा धूसर होते, रंगांचे किरण एका ठिकाणी जुळत नाहीत, पडद्यावर एक आंधळा ठिपका आहे, असे दोष त्यांनी मोजून दाखवले. इतके दोष असलेले उपकरण एखाद्या चष्मेवाल्याने विकायला आणले तर आपण ते दोष दाखवून परत करू, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन त्या काळी गाजले. अर्थात आपले डोळे आपण परत करणार नाही, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. दोष माहीत असले आणि मोजलेले असले की त्यांच्यासह काम चालवता येते; माहीत नसलेला दोष मात्र घात करतो, हा विचार त्यांच्या पुढील आयुष्यात ठळक होत गेला.

पारख करणारी संस्था

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. वैद्यकाच्या वाटेने फिरून अखेर ते बालपणीच्या आवडत्या विषयाकडे आले होते. हाइनरिख हर्ट्झ हे त्यांचे सर्वांत लाडके शिष्य. हर्ट्झ यांनी पुढे विद्युत्चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. १८८३ मध्ये सम्राटांनी हेल्महोल्ट्झ यांना उमराव वर्गात स्थान दिले आणि त्यांच्या नावात फॉन हा शब्द आला.

१८८६ मध्ये हायडेलबर्ग येथे नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने ग्रेफे यांच्या नावाचे पहिले पदक त्यांना अर्पण केले. सत्काराला उत्तर देताना त्यांनी स्वतःकडे कमीपणा घेतला. संगमरवराला पुरेल अशी टणक छिन्नी घडवणारा लोहार आणि त्या छिन्नीने देवमूर्ती कोरणारा ग्रीक शिल्पकार फिडियस, असा दाखला त्यांनी दिला. आपण लोहार, शिल्पकार ग्रेफे, असा त्याचा अर्थ. ग्रेफे १८७० मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी, निवर्तले होते.

लोहाराच्या छिन्नीचा टणकपणा कोणी तपासायचा, हा प्रश्न तेव्हा जर्मनीला खरोखरच पडला होता. कारखाने वाढत होते, विजेचा वापर सुरू झाला होता, आणि एका गावचे माप दुसऱ्या गावच्या मापाशी जुळेलच याची खात्री नव्हती. उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्स यांनी पुढाकार घेऊन बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे जमीन देऊ केली. १८८७ मध्ये साम्राज्याची भौतिक-तांत्रिक संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष झाले. देशाची प्रमाण मापे सांभाळणारी आणि उपकरणांची अधिकृत तपासणी करणारी अशा स्वरूपाची ही जगातील पहिली संस्था मानली जाते.

संस्थेचे दोन विभाग होते. एक मूलभूत संशोधनाचा, दुसरा तपासणीचा. दुसऱ्या विभागाकडे विजेची मापक यंत्रे, वाद्ये जुळवण्याचे स्वरकाटे, दिव्यांच्या तेजाची मापे आणि तापमापक येत असत. त्यांत डॉक्टरांनी ताप पाहण्यासाठी वापरायचे तापमापकही असत. काचेच्या नळीवरील खुणा खऱ्या आहेत की नाहीत हे ताडून त्यावर संस्थेचे प्रमाणपत्र मिळे. रुग्णाच्या तापाचा आकडा कोणत्या कारखान्याची नळी वापरली यावर ठरू नये, हा त्यामागचा हेतू होता. संशोधन विभागात तापलेल्या पदार्थांच्या प्रकाशाचे जे काटेकोर मापन पुढे झाले, त्यातूनच १९०० मध्ये माक्स प्लांक यांच्या क्वांटम सिद्धान्ताला आधार मिळाला. तपासणीचे काम दुय्यम दर्जाचे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. भारतातही दिल्लीला अशी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली आणि रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन तिचे पहिले संचालक झाले.

हेल्महोल्ट्झ यांची अखेरची वर्षे दुःखाची होती. मुलगी केटे आणि मुलगा रॉबर्ट त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १८९३ मध्ये ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या विद्युत परिषदेसाठी अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून पडून त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ अवघ्या ३६ व्या वर्षी वारले. शिष्याचा मृत्यू गुरूच्या जिव्हारी लागला. जुलैमध्ये हेल्महोल्ट्झ यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. बर्लिनमध्ये विद्यापीठाच्या आवारात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.

उपकरण हाती, नियम पाठीशी

हेल्महोल्ट्झ यांच्या पश्चात ऑप्थॅल्मोस्कोप बदलत गेला. तेलाच्या दिव्याची जागा विजेने घेतली. १९१५ मध्ये अमेरिकेत वेल्च आणि अ‍ॅलिन यांनी आतच दिवा असलेले, हाती धरून वापरायचे सुटसुटीत उपकरण बाजारात आणले. आता मोबाइल फोनला जोडून पडद्याचे छायाचित्र घेणारी साधने आली असून त्यांतील काही भारतातच तयार होतात. छायाचित्र पाहून मधुमेहाची बाधा आहे की नाही हे स्वतःच सांगणारे संगणकीय कार्यक्रमही आले आहेत.

त्यांच्याबरोबर नियमही आले. अमेरिकेने १९७६ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट उभी केली. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली २०१७ चे वैद्यकीय उपकरणे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. सुरुवातीला मोजक्याच उपकरणांवर नियंत्रण होते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे, त्यांतील संगणकीय कार्यक्रमांसह, कायद्याच्या कक्षेत आली. धोक्याच्या प्रमाणात ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग पाडण्यात आले. पहिल्या दोन वर्गांसाठी परवान्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२२ पासून, पुढच्या दोन वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. पहिल्या वर्गातील अगदी साध्या साधनांना त्यातून सवलत मिळाली. कमी धोक्याच्या उपकरणांच्या निर्मितीचे परवाने राज्य पातळीवर दिले जातात. अधिक धोक्याच्या उपकरणांचे परवाने आणि आयातीचे सर्व परवाने केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते.

पाहायचे काय, हेही ठरलेले आहे. डोळ्यात जाणारा उजेड पडद्याला इजा करणार नाही इतकाच हवा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. भिंगांचे क्रमांक लिहिल्याप्रमाणे हवेत. एका रुग्णाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये अशी स्वच्छतेची सोय हवी. आणि उपकरण केवळ चित्र दाखवत नसून निदान सांगत असेल तर ते किती वेळा बरोबर ठरते याचा पुरावा हवा. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने डॉक्टरने चित्र न वाचताही मधुमेही पडद्याविषयी निष्कर्ष देणाऱ्या कार्यक्रमाला पहिल्यांदा परवानगी दिली. त्यापूर्वी त्याची चाचणी १० प्राथमिक दवाखान्यांतील ९०० रुग्णांवर झाली होती. लक्षणीय बाधा असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८७ टक्के रुग्ण त्याने ओळखले. म्हणजे अशा १०० रुग्णांमागे १३ त्याच्या नजरेतून सुटले. हा आकडा उघड असल्यामुळेच तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करायला हवी, हे डॉक्टरला कळते.

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी या गोष्टीला विशेष अर्थ आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून देशात राबवला जात आहे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया खेडोपाडीच्या लोकांपर्यंत पोहोचल्या आहेत. पडद्याच्या आजारांचे तसे नाही. त्यासाठी एकेकाळी पाचोऱ्याला जाणारी छोटी रेल्वे धरून मोठ्या शहराची वाट धरावी लागे; आज जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण कापसाच्या वेचणीच्या दिवसांत रोज बुडवून, दिसत असलेला डोळा दाखवायला तालुक्याबाहेर कोण जाणार? हाती धरायचे उपकरण गावात येणे हाच यावरचा सोपा उपाय आहे. मात्र अशा रुग्णाला दुसरे मत घ्यायला फारसा वाव नसतो. उपकरणाने सर्व ठीक आहे असे सांगितले की तो घरी जातो आणि पुन्हा येतो तो दिसेनासे झाल्यावर. म्हणून तपासलेले, परवाना असलेले आणि आपल्या मर्यादा सांगणारे उपकरण शहरापेक्षा खेड्याला अधिक गरजेचे आहे. परवान्याचा क्रमांक उपकरणाच्या वेष्टनावर छापलेला असतो. शिबिर भरवणाऱ्या संस्थांनी उपकरण खरेदी करताना तो पाहून घेतला, तरी पुष्कळ साधेल.

पुठ्ठा आणि काचा जोडून आठ दिवसांत उपकरण उभे करणाऱ्या हेल्महोल्ट्झ यांना परवाना मागायला कोणतेही कार्यालय नव्हते. त्यांनी आपल्या उपकरणाचे सारे गणित छापून जगापुढे ठेवले आणि ज्याला वाटेल त्याने ते तपासावे अशी मुभा दिली. पुढे इतरांची उपकरणे तपासण्याची वेळ आली तेव्हा तीच कसोटी त्यांनी एका साध्या तापमापकालाही लावली.